पत्र्यांआडची वर्षं कुणाच्या खात्यावर?

नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने पुणे मेट्रोच्या चौथ्या मार्गिकेला मंजुरी दिली. खराडीहून हडपसर, स्वारगेटमार्गे खडकवासला, आणि नळस्टॉपवरून वारज्याकडून माणिकबागेला येणारी एक उपमार्गिका. दोन्ही मिळून साधारण ३२ किलोमीटर, २८ स्थानकं, सगळी उन्नत. खर्च ९,८५७ कोटी, मुदत पाच वर्षं.

खडकवासल्याकडे जाणारी ही मेट्रो सिंहगड रोडवरून जाईल. तिथे राहणाऱ्या आणि रोज तिथून शहरात येणाऱ्या माणसाला ती हवीच आहे. मलाही हवी आहे. चार-पाच लाख वस्तीच्या पट्ट्याला एकच मुख्य रस्ता, एका बाजूला नदी-कालवा, दुसऱ्या बाजूला टेकड्या, आणि त्या रस्त्यावर दर पावसात तासन् तास अडकलेल्या पीएमपीच्या बस. अशा ठिकाणी रेल्वेसारखी वाहतूक आणल्याशिवाय गत्यंतर नाही. तेव्हा हा लेख मेट्रोच्या विरोधात नाही. प्रश्न त्या पाच वर्षांचा आहे. ती कोण सोसणार, आणि सोसल्याबद्दल त्याला काय मिळणार?

या रस्त्याने अलीकडेच एक काम सोसलं आहे. राजाराम पुलापासून फनटाइमपर्यंतच्या उड्डाणपुलाचं काम २०२१ मध्ये सुरू झालं, टप्प्याटप्प्याने पूल खुला होत ते २०२५ मध्ये संपलं. चार वर्षं तिथल्या दुकानांसमोर पत्रे होते. पत्रे निघाले, रस्ता मोकळा झाला, लोक हुश्श करतात न करतात तोच त्याच रस्त्यावर पुढच्या पाच वर्षांचं काम मंजूर झालं. पूल बांधताना मेट्रो येणार हे कुणाला ठाऊक नव्हतं असं नाही. स्वारगेट–खडकवासला मार्गाची चर्चा त्याआधीपासून होती.

प्रकल्पाच्या अंदाजपत्रकात जमिनीचा पैसा असतो, पोलाद-सिमेंटचा असतो, डब्यांचा, सिग्नलचा, सल्लागारांच्या फीचा असतो. ज्याचं दुकान पाडावं लागतं त्याच्या पुनर्वसनाचाही असतो. पण ज्याची इंचभर जागा घेतली नाही, फक्त दारासमोर पत्रे उभे राहिले, त्याच्या बुडालेल्या धंद्यासाठी रक्कम ठेवायची आपल्याकडे पद्धतच नाही. २०१३ चा भूसंपादन कायदा तसा उदार आहे, त्यात भाडेकरू आणि कामगारांच्या उपजीविकेचाही विचार आहे. मात्र तो लागू व्हायला जमीन संपादित व्हावी लागते. रस्ता महापालिकेचा, काम मेट्रोचं, संपादन शून्य. म्हणजे कायद्याच्या लेखी तुमचं काहीच गेलेलं नाही.

पत्र्यांआड काय चालतं ते एकदा नीट पाहण्यासारखं आहे. उन्नत मेट्रोच्या एका खांबासाठी आधी चाचणीचे खड्डे घेतात, खाली कुठली पाण्याची लाइन, कुठली केबल आहे ते बघायला. मग त्या लाइन बाजूला घ्यायच्या. मग पायलिंगचं मशीन येतं, पाया होतो, पाइल कॅप होते, खांब चढतो, वर टोपी बसते. त्यानंतर बाहेर यार्डात ओतलेले पुलाचे काँक्रीटचे तुकडे, म्हणजे सेगमेंट, रात्री ट्रेलरवरून आणून लाँचरने जोडतात. एका खांबापाशी प्रत्यक्ष काम चालतं ते काही महिने. बाकीचा काळ तिथे काय असतं? लोखंडी सळ्यांचे भारे, रिकामी पिंपं, एक पोर्टाकेबिन, राडारोडा, पावसाळ्यात साचलेलं पाणी. रस्त्याचा मधला भाग ठेकेदाराला एकदा दिला की तो त्याचं गोदाम होतो, आणि हे गोदाम त्याला फुकट पडतं. शहराच्या मध्यवस्तीत एवढी जागा भाड्याने घ्यायची म्हटली तर महिन्याला किती मोजावे लागतील, याचा विचार कुणी करत नाही.

या सगळ्या गोंधळाचं मूळ मला इथेच दिसतं. कंत्राटात रस्त्याच्या वेळेला किंमत नाही.

पुणे विद्यापीठ चौकाचं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. हिंजवडी–शिवाजीनगर मार्गिकेसाठी गणेशखिंड रस्त्यावरचे जुने उड्डाणपूल २०२० च्या जुलैत, टाळेबंदीच्या काळात पाडले. त्या जागी मेट्रोसह दुमजली पूल होणार होता, आणि रस्ते रिकामे असताना पाडकाम उरकणं शहाणपणाचं आहे असं तेव्हा सांगितलं गेलं. ते पटण्यासारखंही होतं. पण या मार्गिकेच्या खासगी भागीदाराने काम सुरू करायची अधिकृत तारीख उजाडली ती नोव्हेंबर २०२१ मध्ये. नव्या पुलाची पहिली बाजू खुली झाली ऑगस्ट २०२५ मध्ये. पाच वर्षं औंध, बाणेर, पाषाणकडून येणारा प्रत्येक माणूस त्या चौकात रोज थोडं आयुष्य ठेवून गेला. त्याचे पैसे कुणाच्या खिशातून गेले नाहीत, म्हणून ते खर्चात धरले गेले नाहीत.

वाहतुकीचं निदान सगळ्यांना दिसतं तरी. दुकानांचं दिसत नाही, कारण दुकान एका दिवसात मरत नाही. कर्वे रस्त्याच्या बाजूला एक मॅचिंग सेंटर होतं. ब्लाउजपीस, अस्तरं, परकर, फॉल-पिको. चालवणाऱ्या काकू गाळ्यात भाड्याने होत्या, अकरा महिन्यांचा करार दरवर्षी पुढे ढकलत. मॅचिंगच्या धंद्यात एक गोष्ट फार महत्त्वाची असते, ती म्हणजे दिवसाचा उजेड. ट्यूबलाइटखाली राणी रंग आणि गुलबक्षी यांतला फरक नीट कळत नाही, म्हणून गिऱ्हाईक साडीचा पदर आणि कापडाचा तागा घेऊन दारात येतं, फूटपाथवर उभं राहतं, उन्हात धरून बघतं. पत्रे लागले आणि वाहतूक उरलेल्या पट्ट्यात कोंबण्यासाठी फूटपाथ कापला गेला. दारातून पाऊल बाहेर टाकलं की समोर बाइक. उभं राहायला जागा नाही, माणसाहून उंच पत्र्यामुळे उजेड नाही. गाडी लावायला जागा नव्हती हे तर वेगळंच.

धूळ दुकानाच्या आत किती खोल जाते हे मला काकूंनी दाखवलं. घडी घातलेल्या फिक्या रंगाच्या कापडावर, बरोबर घडीच्या कडेवर, एक करडी रेघ बसते. झटकली तरी जात नाही. धुतलं तर कापड नवं राहत नाही. पांढरा, मोतिया, पिस्ता, फिका आकाशी, म्हणजे लग्नसराईत सगळ्यात जास्त खपणारे रंग, तेच आधी वाया गेले. त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशव्या घातल्या, मग पडदा लावला, मग दार अर्धं बंद ठेवायला सुरुवात केली. अर्ध्या बंद दाराच्या दुकानात नवीन माणूस शिरत नाही. मालाचा टेम्पो थांबू शकत नाही म्हणून हमाल लांबच्या चौकातून गठ्ठा डोक्यावर आणायचा आणि त्याचे वेगळे पैसे घ्यायचा. गल्ला निम्म्यावर आला, भाडं तेवढंच राहिलं.

मेट्रो सुरू झाली तेव्हा तिथे काकू नव्हत्या. मालकाने करार नव्याने करताना भाडं वाढवून मागितलं, आणि कारण दिलं की आता मेट्रो आली, जागेला भाव आला. त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. भाव खरंच आला होता. तो येईपर्यंतची वर्षं मात्र ज्या बाईने सोसली, तिला त्या भावातलं काही मिळालं नाही.

इथे सरकारची बाजूही पाहावी लागते. सरकारला हे नीट कळतं की मेट्रोमुळे जमिनीची किंमत वाढते, आणि ती वाढ वसूल करायची यंत्रणाही त्याने उभी केली आहे. एप्रिल २०२२ पासून पुणे, मुंबई, ठाणे आणि नागपूरमध्ये मालमत्तेच्या मुद्रांक शुल्कावर १ टक्का मेट्रो अधिभार घेतला जातो. स्थानकांपासून ५०० मीटरच्या परिसरात ४ पर्यंत चटईक्षेत्र, म्हणजे भूखंडाच्या चौपटीपर्यंत बांधकाम, मिळतं आणि त्या वाढीव बांधकामासाठीची रक्कम, म्हणजे अधिमूल्य, तिजोरीत जमा होतं. म्हणजे भविष्यातल्या फायद्याचा हिस्सा आजच मोजून घेता येतो. मग आजचं नुकसान मोजता येत नाही हे म्हणणं कसं मान्य करायचं? पैसा कुठून आणायचा या प्रश्नाचं उत्तरही याच अधिभारात आणि याच अधिमूल्यात आहे. ज्या रस्त्याने त्रास काढला त्याच रस्त्यावरच्या वाढीव किमतीतून त्याचा थोडा भाग परत द्यायचा, एवढीच मागणी आहे.

हा प्रश्न केवळ आपल्या शहरांचा नाही. उलट रस्त्याच्या पृष्ठभागावर धावणाऱ्या लाइट रेलच्या बाबतीत तो जास्त तीव्र होतो. आपल्या केंद्र सरकारनेही २०१९ मध्ये मेट्रोलाइट या नावाने अशा व्यवस्थेचे निकष जाहीर केले आहेत, त्यामुळे मध्यम शहरांना हे आज ना उद्या पाहावं लागेल. उन्नत मार्गात खांबापुरतं खणतात. भुयारी मार्गात यंत्र खालून जातं आणि वर फक्त स्थानकांचे खड्डे पडतात, म्हणून शिवाजीनगर ते स्वारगेट पट्ट्यात पेठांमधली बरीच दुकानं वाचली. लाइट रेलमध्ये मात्र अख्खा रस्ता उकलावा लागतो. कारण साधं आहे. रुळांखालून पाण्याची किंवा ड्रेनेजची लाइन जात असेल, तर उद्या ती फुटल्यावर दुरुस्तीसाठी गाडी बंद ठेवावी लागेल. म्हणून रूळ टाकण्याआधी खालचं सगळं बाजूला सरकवायचं. आणि जुन्या शहराच्या पोटात काय काय आहे याचा बिनचूक नकाशा जगात कुणाकडेच नसतो.

सिडनीचं उदाहरण घ्या. शहराच्या मुख्य बाजाररस्त्यावर, जॉर्ज स्ट्रीटवर, ऑक्टोबर २०१५ मध्ये लाइट रेलचं काम सुरू झालं. रस्त्याचे तुकडे पाडले होते, कुठला तुकडा किती दिवस बंद राहील याचं वेळापत्रक दुकानदारांना दिलं होतं. कागदावर सगळं आदर्श. खणायला लागल्यावर खाली न नोंदलेल्या केबल आणि नळ निघत गेले, वीज कंपनीच्या अटींवरून ठेकेदार आणि सरकार भांडले, भांडण कोर्टात गेलं, तडजोड झाली. गाडी धावली डिसेंबर २०१९ मध्ये. सुरुवातीचा १.६ अब्ज डॉलरचा अंदाज ३ अब्जांच्या पुढे गेला. काही महिने म्हणून सांगितलेले पत्रे काही दुकानांसमोर वर्षं-दोन वर्षं राहिले.

तिथल्या दुकानदारांनी एकत्र येऊन दावा लावला. चामड्याच्या वस्तू विकणारी हंट लेदर ही कंपनी आणि केन्सिंग्टनमधलं एक रेस्टॉरंट हे प्रमुख फिर्यादी होते. २०२३ मध्ये न्यू साउथ वेल्सच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यांच्या बाजूने निकाल दिला. त्यातला विचार आपल्यासाठी महत्त्वाचा आहे: सार्वजनिक कामासाठी काही काळ त्रास सहन करणं नागरिकाचं कर्तव्यच आहे, पण खाली काय आहे ते पुरेसं न तपासता काम काढलं आणि त्यामुळे त्रास लांबला, तर त्या लांबलेल्या काळाची जबाबदारी काम काढणाऱ्याची. २०२४ मध्ये अपिलात हा निकाल फिरला आणि वाद ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टाच्या, म्हणजे त्या देशाच्या सगळ्यात वरच्या न्यायालयाच्या, दारात गेला. कायदेशीर बाजू कशीही फिरो, मला पहिल्या न्यायाधीशांनी आखलेली रेषा योग्य वाटते. ठरल्या मुदतीपर्यंतचा त्रास समाजाचा. त्यापुढचा त्रास ज्याच्यामुळे लांबला त्याचा.

एडिनबराची गोष्ट अधिक वाईट. तिथे ट्रामसाठी २००७ पासून रस्ते खणायला घेतले. लीथ वॉक नावाचा छोट्या दुकानांचा लांबलचक रस्ता नळ-केबल सरकवण्यासाठी उकलला. मग पैसे संपले, ठेकेदाराशी वाद झाला, आणि २०१४ मध्ये जी ट्राम सुरू झाली ती लीथ वॉकपर्यंत पोचलीच नाही. विमानतळापासून न्यूहेवनपर्यंतच्या मार्गासाठी ५४.५ कोटी पौंड ठरले होते, प्रत्यक्षात ७७.६ कोटी पौंड खर्चून मार्ग शहराच्या मध्यात थांबला. लीथच्या दुकानदारांनी खोदकाम सोसलं आणि ट्राम मिळाली नाही. न्यूहेवनपर्यंतचा राहिलेला भाग जून २०२३ मध्ये सुरू झाला, म्हणजे त्याआधी तोच रस्ता पुन्हा उकलावा लागला. मधल्या काळात एक न्यायिक चौकशी नऊ वर्षं चालली. एकच रस्ता दोनदा उकलला म्हटल्यावर सिंहगड रोडची आठवण इथे आपोआप येते.

काही शहरांनी मात्र हा खर्च उघडपणे मान्य केला. अमेरिकेत सिअ‍ॅटलच्या रेनियर व्हॅलीत, जिथे बहुतेक वस्ती कृष्णवर्णीय आणि आशियाई स्थलांतरितांची आहे, लाइट रेल रस्त्यावरूनच न्यायची ठरली. तेव्हा तिथल्या लोकांनी भांडून ५ कोटी डॉलरचा स्वतंत्र निधी मिळवला, आणि खोदकामात अडकलेल्या व्यवसायांना त्यातून मदत आणि कर्जं मिळाली. मिनेसोटातल्या सेंट पॉलमध्ये युनिव्हर्सिटी अ‍ॅव्हेन्यूवरच्या लाइट रेलबाबत नागरिकांच्या संघटना कोर्टात गेल्या. २०११ मध्ये संघराज्याच्या न्यायाधीशांनी सांगितलं की प्रकल्पाच्या पर्यावरण अहवालात बांधकामाच्या काळात व्यवसायांच्या बुडणाऱ्या उत्पन्नाचा विचार अपुरा आहे, तो करा. त्यांनी काम थांबवलं नाही. हिशेब मात्र मांडायला लावला.

आपल्याकडे हेच व्हायला हवं. सविस्तर प्रकल्प अहवालात एक रकाना असावा, बांधकामकाळातलं स्थानिक व्यवसायांचं नुकसान. एकदा तो आकडा कागदावर आला की महागडा भुयारी पर्याय आणि स्वस्त उन्नत पर्याय यांची तुलना प्रामाणिक होईल. आज उन्नत मार्ग जेवढा स्वस्त दिसतो, त्यातला काही भाग रस्त्यावरच्या माणसांनी आपल्या गल्ल्यातून भरलेला असतो.

यावर नेहमीचं उत्तर येतं की मेट्रो झाल्यावर धंदा वाढतोच, थोडं थांबा. रस्त्याचा धंदा वाढतो हे मान्य. पण रस्ता आणि रस्त्यावरचा दुकानदार या वेगळ्या गोष्टी आहेत. चार वर्षांत गिऱ्हाइकाची सवय मोडते. ते मॉलमध्ये जातं, मोबाइलवरून मागवतं, दुसऱ्या उपनगरातला दुकानदार त्याच्या ओळखीचा होतो. पत्रे निघाले म्हणून ते परत येत नाही. स्थानकाशेजारी मग जे नवं उघडतं ते साखळी दुकान असतं, कारण वाढीव भाडं त्यालाच परवडतं. आणि खोटे दावे येतील ही भीती? ज्यांची जीएसटी नोंदणी आहे त्यांची विवरणपत्रं आहेत, आधीच्या तीन वर्षांशी ती ताडून पाहता येतात. ज्यांची उलाढाल ४० लाखांच्या आत आहे आणि नोंदणी नाही, त्यांच्यासाठी गुमास्ता परवाना आणि वीजबिल बघून दुकानाच्या दर्शनी रुंदीप्रमाणे दरमहा ठरावीक रक्कम देता येईल. थोडी चूक होईल, थोडे लोक जास्त घेतील. भूसंपादनातही ते होतंच, म्हणून आपण संपादनाचा मोबदला बंद केलेला नाही.

भरपाईपेक्षाही महत्त्वाचं आहे ते त्रासाचा काळ कमी करणं. लंडनमध्ये २०१२ पासून मोक्याच्या रस्त्यांवर गर्दीच्या वेळी काम काढणाऱ्याला रस्ता अडवल्याचं भाडं भरावं लागतं, दिवसाला २,५०० पौंडांपर्यंत. भाडं द्यावं लागलं की माणूस रात्री काम करतो, लवकर आवरतो, रिकामी पिंपं रस्त्यावर ठेवत नाही. हेच तत्त्व चौथ्या मार्गिकेच्या निविदेत घालता येईल. संपूर्ण सिंहगड रोड एकदम ठेकेदाराच्या ताब्यात देऊ नये. पाचशे-सहाशे मीटरचा तुकडा द्यावा, त्यातले खांब उभे राहून रस्ता पूर्ववत झाल्यावरच पुढचा द्यावा. प्रत्येक तुकड्याला दिवस ठरवून द्यावेत, त्यापुढे रोजचं भाडं लावावं, आणि ते भाडं थेट त्या तुकड्यातल्या दुकानदारांच्या निधीत जावं. पाणीपुरवठा, ड्रेनेज, महावितरण आणि केबलवाले यांच्याकडून खालच्या लाइनचे नकाशे आधी घ्यावेत, शंका असेल तिथे रडारने तपासावं, आणि हे झाल्याशिवाय पत्रा उभा करू देऊ नये. पीएमपीचे थांबे हलवायचे असतील तर ते दोन चौक पलीकडे न नेता त्याच बाजारात ठेवावेत. बसमधून उतरणारा माणूस हेच छोट्या दुकानाचं अर्धं गिऱ्हाईक असतं. आतल्या गल्ल्यांतून वाहतूक वळवायची तर तिथे शाळा सुटायच्या वेळी वॉर्डन हवा. ज्या गल्लीत कालपर्यंत मुलं सायकल शिकत होती तिथून अचानक टँकर धावायला लागतात.

आणि पत्र्यावर प्रकल्पाच्या नावाबरोबर तीन गोष्टी ठळक लिहाव्यात: हा पत्रा कधी लागला, कधी निघणार, आणि निघाला नाही तर दिवसाला किती रुपये कुणाला मिळणार.

हातगाडीवाल्यांचा प्रश्न वेगळा आणि जास्त नाजूक आहे. दुकानदाराकडे निदान परवाना असतो. भाजीची पाटी घेऊन बसणारी बाई पत्रे लागल्याच्या दिवशी उठवली जाते आणि कुठल्याच यादीत तिचं नाव नसतं. २०१४ च्या पथविक्रेता कायद्याप्रमाणे सर्वेक्षण आणि पर्यायी जागा देणं महापालिकेवर बंधनकारक आहे. खडकवासल्यापर्यंतच्या पट्ट्यात हे सर्वेक्षण काम सुरू होण्याआधी नव्याने व्हायला हवं, सकाळच्या भाजीबाजाराच्या वेळी, आणि संध्याकाळी वडापाव-भेळेच्या गाड्या लागल्यावर पुन्हा एकदा. माणसं जागेवर असतानाच मोजली तर त्यांची नोंद होईल. पुढच्या वर्षी तिथे पत्रे असतील, आणि तेव्हा कोण इथे बसत होतं हे सिद्ध करायची जबाबदारी त्यांच्यावरच येईल.